लॉक हॉस्पिटलपासून प्रसूतिपूर्व रक्तपरीक्षेपर्यंत

गुप्तरोगांसाठी होणारी स्त्रियांची तपासणी आज मातृसंगोपनाचे एक अंग मानली जाते. परंतु हिंदुस्थानातील तिचा उगम स्त्रीच्या आरोग्याच्या काळजीत नसून लष्कराच्या काळजीत आहे. १८६४ च्या छावणी कायद्याने गोऱ्या शिपायांसाठी असलेल्या वेश्यांवर नियंत्रण आले आणि १८६८ च्या चौदाव्या कायद्याने तीच पद्धती शहरांना लागू करण्याची सोय झाली. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये अमलात आला, १८७२ मध्ये स्थगित झाला व १८८० मध्ये पुन्हा सुरू झाला. नोंदणी झालेल्या स्त्रीने ठराविक मुदतीने तपासणीस हजर व्हावयाचे आणि रोग आढळल्यास तिला लॉक हॉस्पिटलात ठेवावयाचे, असा त्याचा क्रम होता. तिच्याकडे जाणाऱ्या पुरुषाला मात्र ही सक्ती नव्हती.

या व्यवस्थेवरील नैतिक आक्षेप सुपरिचित आहेत. तिच्या शास्त्रीय पोकळपणाचा विचार त्या मानाने कमी झालेला दिसतो. मुंबईतील पहिल्या अंमलाच्या वेळी परम्याचा जंतू कोणासच ठाऊक नव्हता. नायसरला तो १८७९ मध्ये सापडला. उपदंशाचा जंतू शाउडिन व हॉफमान यांनी १९०५ मध्ये शोधला. तोवर वैद्यापाशी स्वतःचे डोळे आणि योनिदर्शक यंत्र एवढीच साधने होती. स्त्रीच्या ठिकाणी परमा पुष्कळदा लक्षणांवाचून असतो आणि उपदंश वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो. तेव्हा नजरेने निरोगी ठरलेली स्त्री निरोगी असेलच असे नव्हते. जोसेफाइन बटलर यांच्या चळवळीमुळे इंग्लंडातील कायदा १८८६ मध्ये रद्द झाला, हिंदुस्थानातील १८८८ मध्ये. तरीही छावण्यांतून जुनीच वहिवाट चालू असल्याचे १८९३ च्या चौकशीत उघड झाले.

१९०६ मधील वासरमान परीक्षेने तपासणीचा अर्थच पालटला. आता रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावरून कोणत्याही गर्भवतीची परीक्षा होऊ शकत होती. त्यासाठी तिचा व्यवसाय विचारण्याचे कारण उरले नाही. उपचारांवाचून राहिलेल्या उपदंशाने गर्भपात होतो, मूल मृत जन्मते किंवा रोग घेऊनच जन्मास येते. १९४३ मध्ये पेनिसिलिनचा गुण सिद्ध झाल्यावर हे अनर्थ टाळणे बऱ्याच अंशी आटोक्यात आले.

प्रसूतीशी संबंध नसलेली स्त्री मात्र या दृष्टीच्या बाहेरच राहिली. राणी बंग, अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा गुप्तरोग होते. हे सर्वच रोग संभोगातून जडलेले नव्हते, ही गोष्ट हा आकडा उद्धृत करणारे पुष्कळदा विसरतात. तक्रार सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ५५ टक्के होते. म्हणजे केवळ तक्रारींवर विसंबून राहिले असते, तर अनेक रोगी दृष्टीआडच राहिले असते. पूर्वी कधी स्त्रीरोगांची तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया त्यांत अवघ्या ८ टक्के होत्या.