१८० बाय ५०: जुन्या गाडीतल्या टेपची गोष्ट

आजचा विषय अगदी छोटा आहे. किती छोटा, तर १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. जुन्या मारुती ८०० मध्ये, झेनमध्ये किंवा इंडिकात बसला असाल, तर डॅशबोर्डच्या मधोमध ही आडवी खिडकी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात टेप असतो, नाहीतर काळं प्लास्टिकचं झाकण असतं, नाहीतर नुसत्या लोंबणाऱ्या वायरी असतात.

निफाडचा इतिहास म्हटलं की लोकांना न्यायमूर्ती रानडे आठवतात. १८४२ साली त्यांचा जन्म इथलाच. आज मात्र आपण रानड्यांकडे न जाता गॅरेजकडे जाणार आहोत. प्रश्न असा, की आमच्या घरच्या २००४ सालच्या ८०० मध्ये आजचा ब्लूटूथवाला सेट साडेतीन हजारांच्या आत बसतो, हे शक्य कशामुळे होतं? उत्तर स्वस्त चिनी माल एवढंच नाही. त्या खिडकीचं माप चाळीस वर्षं बदललं नाही, हे खरं उत्तर.

सुरुवात अमेरिकेतून करू. १९३० साली पॉल गॅल्विन नावाचा माणूस आपल्या मोटारीत रेडिओ बसवून अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांच्या प्रदर्शनाला गेला. आत स्टॉल नव्हता. त्याने गाडी बाहेर उभी केली आणि आवाज मोठा केला. मोटारीसाठीचा रेडिओ म्हणून त्याने नाव दिलं मोटोरोला. हो, तुमच्या फोनवरचं तेच नाव. दोन वर्षांनी जर्मनीत ब्लाउपुंक्टने युरोपातला पहिला कार रेडिओ काढला. वजन १५ किलो आणि किंमत गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांश! एवढं धूड डॅशबोर्डमध्ये मावणार कसं? जिथे जागा मिळेल तिथे पेटी ठोकायची. मापबिप काही नव्हतं. आपल्याकडे फियाट आणि ॲम्बॅसेडरमध्येही कित्येकांनी रेडिओ डॅशबोर्डच्या खाली पट्टी मारून लटकवलेला असायचा. ॲक्सिलरेटर दाबला की लताबाईंच्या आवाजात इंजिनाची करकर मिसळायची, कारण प्लगची ठिणगी रेडिओला ऐकू येते. शिवाय त्या काळात घरच्या रेडिओलासुद्धा पोस्टात फी भरून लायसन्स काढावं लागे. १९८० च्या दशकात ती भानगड संपली.

मग कॅसेट आली. १९६३ साली फिलिप्सच्या लू ओटेन्स या इंजिनियरच्या टीमने ती बनवली. ओटेन्सने म्हणे आधी लाकडाचा एक ठोकळा कापला, कोटाच्या खिशात मावेल एवढा, आणि सांगितलं की यंत्र याच्यापेक्षा मोठं नको. हा किस्सा मला फार आवडतो. आधी माप ठरलं, मग यंत्र. पुढे फिलिप्सने हे डिझाइन इतर कंपन्यांना फुकट वापरू दिलं, म्हणून जगभर एकच कॅसेट चालली.

गाडीतल्या खिडकीचंही तसंच झालं. जर्मनीच्या प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेने, म्हणजे डीआयएनने, एक माप पक्कं केलं आणि १९८४ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. सेट १८० बाय ५०, आणि डॅशबोर्डमधली खिडकी त्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठी. ‘सिंगल डिन’ म्हणतात ते हेच. दुप्पट उंचीचं ‘डबल डिन’ नंतर आलं. हे माप कॅसेटच्या काळात ठरलं, पण त्यात १२० मिलिमीटरची सीडीही आरामात बसली. पेन ड्राइव्हला तर काय, जागाच जागा.

आता तारखा जुळवून बघा. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. त्याच सुमाराला गुलशन कुमारांची टी-सीरीज उभी राहत होती आणि एचएमव्हीची मक्तेदारी खिळखिळी होत होती. स्वस्त कॅसेट आणि स्वस्त गाडी जवळपास हात धरूनच आल्या. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाचं ‘कॅसेट कल्चर’ नावाचं पुस्तक आहे, १९९३ चं. उत्तर भारतात कॅसेटमुळे गावोगावचं संगीत कसं बाजारात आलं, ते त्यात आहे. महाराष्ट्रात वेगळं काही घडलं नाही. प्रल्हाद शिंदे, मग त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद, हे आवाज खेड्यातल्या टपरीपर्यंत पोचले ते मुख्यतः कॅसेटवरून.

आमच्याकडे अजूनही कोणी ‘म्युझिक सिस्टीम’ म्हणत नाही. ‘गाडीत टेप हाये का?’ असंच विचारतात. आत टेप नाही, फीत नाही, काहीच फिरत नाही, तरी तो टेपच. माझ्या आधीच्या पिढीकडून मी काळीपिवळीच्या गोष्टी ऐकल्यात. निफाड, लासलगाव, येवला या पट्ट्यात जीपवाल्याची खरी जाहिरात म्हणजे टेप. दोन जीपा शेजारी उभ्या असल्या की पोरं चांगला वाजणाऱ्या जीपमध्ये चढायची, मग दहा जणांच्या जागेत पंधरा का बसेनात. ड्रायव्हरकडे स्पिरिटची बाटली आणि कापूस असायचा, हेड पुसायला. रस्त्याची धूळ हेडवर बसली की आवाज गोधडीतून आल्यासारखा यायचा. उन्हात डॅशबोर्डवर राहिलेली कॅसेट वाकायची. फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘भरून घेणे’. हे क्रियापद मला इतिहासाच्या पुस्तकात हवं आहे. कोरी कॅसेट घेऊन दुकानात जायचं, वहीच्या पानावर गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी कॅसेट भरून मिळायची. ए बाजूला देवाची, बी बाजूला सिनेमाची. कायद्याच्या दृष्टीने हा सरळ कॉपीराइटचा भंग होता. पण अख्खी नवी कॅसेट एका गाण्यासाठी घेणं परवडत नव्हतं, हेही तितकंच खरं. कॅसेट गेली, क्रियापद राहिलं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी मोबाईलच्या दुकानात लोक मेमरी कार्डसुद्धा ‘भरून’च घ्यायचे. आमच्या घरातला एक पेन ड्राइव्ह अजून तसा भरलेला आहे, आणि फोल्डरचं नाव आहे ‘न्यू सॉंग’. त्यातलं एकही गाणं नवीन नाही.

मधे सीडी येऊन गेली. गाडीसाठीचा सीडी प्लेयर पायोनियरने १९८४ मध्येच काढला होता, पण आपल्या भागात गाडीत सीडी पोचली ती एमपी३ झाल्यावर. एमपी३ हे तंत्र जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतलं, आणि फाइलच्या शेवटी लागणारी ‘डॉट एमपी३’ ही अक्षरं १९९५ मध्ये ठरली. ७०० एमबीच्या एका सीडीवर शे-सव्वाशे गाणी. ऐकायला झकास. पण सीडी वाचते ती लेझरच्या भिंगाने, आणि खड्ड्यात चाक गेलं की भिंग जागा सोडतं. औरंगाबाद रोडवर ठीक, पण मळ्याच्या रस्त्याला लागलं की गाणं उड्या मारणार. माझं स्पष्ट मत आहे की गाडीतली सीडी आमच्याकडे मोबाईलने मारली नाही, खड्ड्यांनी मारली. पेन ड्राइव्हमध्ये हलणारं काही नसतंच, म्हणून तो टिकला.

तर आमची ८००. नंबर एमएच १५, पहिला मालक नाशिकचा, आम्ही तिसरे. पंधरा वर्षं पुरी झाल्यावर पर्यावरण कर भरून नोंदणी वाढवली आणि त्यानंतरही एकदा वाढवून झाली. हा तालुका द्राक्षाचा आणि कांद्याचा. लासलगावला भाव पडला की गाडीचं काम पुढच्या सीझनवर जातं, हे इथे सांगावं लागत नाही. तेव्हा बजेट साडेतीन हजार, त्यावर एक रुपया नाही.

फिटरकाकांना म्हटलं, ‘काका, बॉक्सवर ५२ गुणिले ४ वॉट लिहिलेला सेट घेऊ का?’

काका म्हणाले, ‘घ्या की. पण बॅटरी बाराचीच राहणार ना?’

या एका वाक्यात सगळं गणित आहे. गाडी चालू असताना जास्तीत जास्त साडेचौदा व्होल्टच्या आसपास मिळतात, आणि गाडीचा स्पीकर साधारण ४ ओहमचा असतो. वेगळा ॲम्प्लिफायर न लावता त्यातून स्वच्छ आवाज, अगदी कागदावरचा हिशेब केला तरी, एका स्पीकरला २६ वॉटच्या वर जात नाही. प्रत्यक्षात वीसच्या आसपास धरा. मग ५२ हा आकडा कुठून येतो? आवाज फाटेपर्यंत ताणल्यावरचा, क्षणभराचा आकडा आहे तो. नव्वदच्या दशकात घरातल्या डेकवर ‘पीएमपीओ १००० वॉट’ असे स्टिकर असायचे, त्याच जातीचा. पीएमपीओला धड व्याख्याच नव्हती.

म्हणून पैसे सेटवर न उधळता स्पीकरवर आणि दारावर घालायचे. सेट १४०० चा: साधा, सिंगल डिन, ब्लूटूथ आणि यूएसबी. पुढच्या दारांसाठी चार इंची स्पीकरची जोडी ९५० ला. मोठे घेता आले असते, पण दाराच्या पत्र्याआत काच खाली उतरते. खोल स्पीकर घातला तर काच त्याच्यावर आपटते. आधी मोजायचं, मग विकत घ्यायचं. मागच्या ट्रेवरचे अंडाकृती स्पीकर जुनेच ठेवले, त्यांचा कागद शाबूत होता. डांबरी शीट ३०० ची, वायर आणि फ्यूज मिळून २५०, मजुरी ५००. झाले ३४००.

डांबरी शीट बघून घरचे हसले. ‘छप्पर गळतंय का गाडीचं?’ पण आवाजातला सगळ्यात मोठा फरक तिनेच पडला. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढत असतो. दाराच्या पत्र्याला भोकं असली की मागची हवा वळसा घालून पुढे येते आणि दोन्ही एकमेकांना खातात. ढोलकीचा ठेका गायब. भोकं बुजवली की तोच ९५० चा स्पीकर भरदार वाजतो. पत्र्याची थरथरही कमी होते.

जास्त वेळ खाल्ला तो वायरींनी. आमच्या आधी दोन मालक, आणि टेप किती बदलले देव जाणे. प्रत्येकाने वायरी कापल्या, पिळल्या, वर चिकटपट्टी मारली. खिडकीच्या मागे गुंता नुसता, पण काका थंडपणे रंग लावत बसले. पिवळी थेट बॅटरीची, तिच्यावर फ्यूज हवाच. लाल चावीवरची. काळी अर्थिंगची. पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी या चार स्पीकरच्या जोड्या. सेट कुठल्याही कंपनीचा असो, बाजारातल्या बहुतेक सेटला हेच रंग असतात. मग पत्र्याची चौकट खिडकीत सरकवली, तिचे दात स्क्रू ड्रायव्हरने वाकवले, सेट आत ढकलला. खट्. चौकटीच्या कडेला आधीच्या कुठल्यातरी टेपचे ओरखडे होते, त्यांच्याच जागी नवे दात बसले.

आता मला ज्याची काळजी वाटते ते. शोरूममधून आज निघालेली गाडी आमच्याकडे सहसा लगेच येत नाही. आधी ती शहरात आठ-दहा वर्षं फिरते, मग तालुक्याला येते, मग मळ्यात. आजच्या कित्येक नव्या गाड्यांत ती खिडकीच नाही. मोठी स्क्रीन आहे, आणि तिचा आकार त्या एका मॉडेलपुरता. गाणी त्यातच, मागचा कॅमेरा त्यातच, काहींमध्ये एसीसुद्धा त्यातच. दिसायला भारी, मान्य आहे. पण दहा वर्षांनी ती स्क्रीन गेली, किंवा तिचं सॉफ्टवेअर नव्या फोनला ओळखेनासं झालं, की तिसऱ्या मालकाने काय करायचं? खपाच्या गाड्यांसाठी बाजारात प्लास्टिकच्या फ्रेम मिळतात, त्यात दुसरी स्क्रीन बसते. कमी खपलेल्या मॉडेलला तेही नाही. ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी तिचा टेप आज बदलता येतो. आज घेतलेल्या गाडीचा २०४० मध्ये बदलता येईल का, हे मी काकांना विचारलं. ते म्हणाले, ‘तेव्हा मी नसेन दुकानात. पोरगा म्हणतो, मोबाईल रिपेअरिंग शिकतो.’

आमचे शंभर रुपये उरले होते. त्याचा चहा आणि भजी झाली.

जाता जाता एक. ऊसवाल्या ट्रॅक्टरवरच्या टेपबद्दल तुम्ही बऱ्याच जणांनी विचारलंय. त्याला डॅशबोर्ड नाही, दार नाही, खिडकी नाही, तरी दोन गावं ऐकतील असा वाजतो. त्यासाठी अख्खा एपिसोड लागेल, तो पुढच्या वेळी. तोवर कोणाच्या घरात भरून घेतलेली कॅसेट सापडली तर तिच्यावर हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो पाठवा. ए बाजू आणि बी बाजू, दोन्ही.