धर्मघोषणा, मतपेटी आणि खानदेश

धर्मांतराची घोषणा म्हणजे राजकारणातून माघार, हे मत आम्हांस इतिहासाला धरून वाटत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी धर्मत्यागाचा निर्धार जाहीर केला. पुढच्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशात, फैजपुरास, काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. दोनच महिन्यांनी त्याच जिल्ह्यातून मजूर पक्षाचे दौलतराव जाधव मुंबई विधानसभेवर निवडून आले. पुणे कराराने मतदारसंघ संयुक्त केले होते खरे. परंतु मुंबई प्रांतात मतदारास आपली सर्व मते एकाच उमेदवारास देता येत. अल्पसंख्याकांची एकजूट तेथे कामी आली. (करारावरील चर्चेत ही तरतूद सहसा विसरली जाते.) ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. तेव्हा ते विधानसभेतील पक्षनेते होते. दीक्षेस अद्याप एकोणीस वर्षे होती.