चौदा ओळी आणि चार लिप्या

भूमध्य समुद्रातील एखादे बेट पाहण्याजोगे का, या प्रश्नाची प्रवासवर्णनांतील उत्तरे ठरीव असतात : निळे पाणी, पांढरी घरे, ऑलिव्हची बने, ताजी मासळी. ही उत्तरे खोटी नाहीत; पण ती कोणत्याही बेटाला लावता येतात, हा त्यांचा दोष आहे. आम्हाला येथे लिहायचे आहे ते सिसिलीविषयी, आणि तेही मुख्यतः तिच्या मध्ययुगाविषयी. ग्रीक मंदिरांसाठी सिसिलीला जाणारे पुष्कळ आहेत. १७८७ साली गटे तेथे गेला तोही त्या मंदिरांच्या आणि आपल्या कल्पनेतील आद्य वनस्पतीच्या ओढीने. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र प्रथम पालेर्मोला जावे, असे आमचे मत आहे.

त्याचे एक कारण घरचेच आहे. केशवसुतांनी १८९२ साली लिहिलेली ‘मयूरासन आणि ताजमहाल’ ही कविता मराठीतील पहिले सुनीत मानली जाते. चौदा ओळींचा हा बंध केशवसुतांकडे इंग्रजीतून आला, इंग्रजीत तो इटालियनमधून आला, आणि इटालियनमध्ये त्याचा उगम शोधू लागलो की पेत्रार्क आणि दान्ते यांच्याही मागे जाऊन आपण सिसिलीच्या राजदरबारात पोहोचतो. सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या पदरी असलेला जाकोमो दा लेंतिनी हा दस्तऐवज लिहिणारा अधिकारी या बंधाचा जनक समजला जातो. काळ तेराव्या शतकाचा पूर्वार्ध. लॅटिन सोडून लोकभाषेत काव्य करणाऱ्या कवींचा तेथे जमलेला गट ‘सिसिलियन संप्रदाय’ म्हणून ओळखला जातो. आपल्या वर्गांत सुनीताचा इतिहास बहुधा पेत्रार्कपाशी थांबतो. तो एक पायरी मागे नेला, तर तो दरबार कोणत्या मातीवर उभा होता हा प्रश्न टाळता येत नाही.

अरबांनी ८२७ साली सिसिलीत पाऊल टाकले, ८३१ मध्ये पालेर्मो घेतले, आणि पुढे दोन शतकांहून अधिक काळ बेट मुसलमानी सत्तेखाली राहिले. १०६१ पासून नॉर्मन सरदार उतरू लागले. १०७२ मध्ये पालेर्मो आणि १०९१ मध्ये शेवटचे ठाणे नोतो त्यांच्या हाती आले. ११३० च्या नाताळात दुसऱ्या रॉजरला राज्याभिषेक झाला. प्रजेत अरबी बोलणारे मुसलमान आणि ज्यू, ग्रीक बोलणारे ख्रिस्ती आणि नव्याने आलेले लॅटिन पंथाचे लोक, असा हा पसारा होता. रॉजरच्या राजवाड्यातील कापेल्ला पालातिना या प्रार्थनामंदिरात तो एका छताखाली दिसतो. मांडणी लॅटिन चर्चची, भिंतींवरची मोझेइक चित्रे बायझंटाइन धाटणीची, आणि वर मधाच्या पोळ्यासारखे लाकडी कोनाडे असलेले अरबी पद्धतीचे छत. त्या छतावर वादक, मद्यपी आणि बुद्धिबळ खेळणारेही रंगवले आहेत. खाली प्रार्थना करणाऱ्याने मान वर केली तर त्याला काय वाटत असेल, याची आम्हाला नेहमी उत्सुकता वाटते.

पण आमच्या दृष्टीने याहून मोलाची वस्तू साधी आहे. पालेर्मोच्या झीझा राजवाड्यातील संग्रहालयात एक थडग्याचा दगड आहे. ग्रिसांतो नावाच्या पाद्र्याने आपली आई आन्ना हिच्यासाठी तो करविला. ती ११४८ च्या ऑगस्टमध्ये वारली. दगडावर चार मजकूर आहेत : लॅटिन, ग्रीक, अरबी, आणि हिब्रू लिपीत लिहिलेली अरबी. गंमत अशी की प्रत्येक मजकुराची कालगणना वेगळी आहे. लॅटिनमध्ये ११४८, ग्रीकमध्ये सृष्टीच्या आरंभापासूनचे ६६५६, अरबीत हिजरी ५४३, आणि हिब्रू लिपीतील मजकुरात ज्यू गणनेचे ४९०८. बाई एक, मरण एक, आणि वर्षे चार. कोणताही मजकूर दुसऱ्याचा शब्दशः अनुवाद नाही. प्रत्येकजण आपल्या वाचकाच्या सवयीने बोलतो. भाषांतरशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकाला याहून चांगला पाठ कोठे मिळेल?

याच दरबारात अल-इद्रीसी या अरब भूगोलज्ञाने रॉजरसाठी जगाचे वर्णन करणारा ग्रंथ लिहिला. ११५४ च्या आरंभी तो पूर्ण झाला, आणि पुढच्याच महिन्यात राजा वारला. त्याच्याबरोबर चांदीच्या थाळीवर जगाचा नकाशाही कोरला होता. ११६१ च्या दंगलीत तो नाहीसा झाला. इद्रीसी हिंदुस्थानात कधी आला नव्हता. जुने अरबी ग्रंथ आणि प्रवाशांच्या तोंडची माहिती यांवर त्याने भिस्त ठेवली. तरी त्याच्या पुस्तकात सोपारा आहे, आणि मोठ्या खाडीवरचे, जहाजे जेथून सुटतात असे ठाणेही आहे. ठाण्याजवळच्या डोंगरांत बांबूतून मिळणारे वंशलोचन होते, हे तो नमूद करतो. बाराव्या शतकातल्या पालेर्मोत बसून एका ख्रिस्ती राजासाठी अरबीत लिहिणाऱ्या माणसाला ठाण्याच्या डोंगरांतले वंशलोचन ठाऊक असावे, ही गोष्ट आम्हाला त्या सोन्याच्या मोझेइकांपेक्षा अधिक थक्क करते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की नॉर्मन सिसिली म्हणजे सहिष्णुतेचा सुवर्णकाळ होता. २०१५ साली युनेस्कोने पालेर्मोतील अरब-नॉर्मन वास्तू आणि चेफालू व मोनरेआले येथील कॅथीड्रल जागतिक वारशाच्या यादीत घेतल्यापासून हे विधान फारच सहज केले जाते. आम्हाला ते पटत नाही. जेरेमी जॉन्स यांनी २००२ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले आहे की, रॉजरच्या कचेरीतील अरबी ही जुन्या अमदानीपासून अखंड चालत आलेली नव्हती. मध्ये सुमारे वीस वर्षे राज्यकर्त्यांकडून अरबी दस्तऐवज निघतच नव्हते. राज्याभिषेकानंतर ती प्रथा नव्याने उभारली गेली, आणि तीही कैरोच्या फातिमी दरबाराच्या नमुन्यावर. म्हणजे अरबी हे राजवैभवाचे भूषण होते. रॉजरचे समारंभी प्रावरण आज व्हिएन्नात आहे. त्याच्या काठावर सुरेख अरबी लेख आहे आणि दोन्ही बाजूंना उंटाला लोळवणारा सिंह आहे. त्यातला उंट कोण, हे त्या काळच्या कोणा अरबाला समजावून सांगावे लागले नसावे.

इब्न जुबैर हा आंदालुसियातील यात्रेकरू ११८४ च्या अखेरीस मक्केहून परतताना मेस्सीनाजवळ जहाज फुटून सिसिलीत पोहोचला. त्याच्या प्रवासवृत्तातली एक नोंद सर्वजण उद्धृत करतात : पालेर्मोच्या ख्रिस्ती स्त्रिया नाताळात मुसलमान स्त्रियांच्या पेहरावात चर्चला जात होत्या. त्याच वृत्तातली दुसरी नोंद सहसा कोणी घेत नाही. एका मुसलमान गृहस्थाने आपली मुलगी यात्रेकरूंपैकी एकाला देऊ केली. पुन्हा दिसणार नाही हे माहीत असूनही तिने या बेटाबाहेर पडावे, एवढीच त्याची इच्छा होती. दोन्ही नोंदी खऱ्या मानाव्या लागतात. एकच निवडणारा इतिहासकार आम्हाला वकील वाटतो.

बाहेर पडलेल्यांपैकी एकाने कविता लिहिली. सिराकूझमध्ये जन्मलेला इब्न हम्दीस १०७८ च्या सुमारास सिसिली सोडून सेव्हिलच्या दरबारी गेला आणि ११३३ मध्ये वारला. तो परत कधी आला नाही. मातृभूमीच्या विरहाच्या त्याच्या रचना अरबी काव्यात मानाने वाचल्या जातात. आणि मग येतो फ्रेडरिक, ज्याच्या दरबारात सुनीत जन्मले. त्याला स्वतःला अरबी येत होती असे सांगतात, अरब विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार होता. याच फ्रेडरिकने १२२० च्या दशकापासून बंडखोर सिसिलियन मुसलमानांना उचलून मुख्य भूमीवरील लुचेरा येथे वसवले. १३०० साली आंजू घराण्याच्या राजाने ती वसाहत मोडली आणि तिच्यातील रहिवासी गुलाम म्हणून विकले. तोवर सुनीताने इटलीत चांगले मूळ धरले होते. एका दरबाराच्या या दोन कृती एकाच तासिकेत शिकवाव्यात, असे आम्हास वाटते.

अरबीचे विस्मरण किती पूर्ण होते, याचा पुरावा अठराव्या शतकात मिळतो. माल्टाहून आलेला जुझेप्पे वेल्ला हा धर्मगुरू एका मठातील अरबी हस्तलिखित पुढे करून म्हणाला की, हा सिसिलीचा हरवलेला अरबी इतिहास आहे. प्रत्यक्षात ते प्रेषिताचे चरित्र होते. भाषांतर म्हणून त्याने जे काही मनचे लिहिले त्यावर विद्वानांनी माना डोलावल्या, आणि तो अरबीचा प्राध्यापकही झाला. १७९६ साली त्याला शिक्षा झाली. लेओनार्दो शाशा यांनी १९६३ साली या प्रकरणावर कादंबरी लिहिली. इतिहास कोण लिहितो आणि कोणासाठी, या प्रश्नावरची ती चोख कृती आहे. खरा इतिहास लिहायला मिकेले आमारी यावा लागला. राजाची गैरमर्जी झाल्याने पॅरिसला गेलेल्या या सिसिलियनाने तेथे अरबी शिकून, १८५४ पासून सिसिलीच्या मुसलमानांचा इतिहास खंडशः प्रसिद्ध केला.

अरबी वाचणारे गेले, पण शब्द राहिले. काल्तानिस्सेत्ता या गावाच्या नावातील पहिला भाग म्हणजे अरबी ‘कलआ’. आपला ‘किल्ला’ त्याच मुळाचा. पाण्याच्या हौदाला सिसिलियन शेतकरी ‘जेब्बिया’ म्हणतो, संत्र्याच्या मोहोराला ‘झागरा’, हेही अरबीच. संस्कृत ‘नारंग’ आणि ‘शर्करा’ फारसी-अरबी वाटेने गेले आणि इटालियनमध्ये ‘आरांचा’ आणि ‘झुक्केरो’ झाले. पालेर्मोच्या कॅथीड्रलच्या दक्षिण दाराशी एक स्तंभ आहे. त्यावर कुराणातील सातव्या सुऱ्यातील एक आयत कोरलेली आहे : दिवस, रात्र, सूर्य, चंद्र आणि तारे कोणाच्या आज्ञेत चालतात ते सांगणारी. स्तंभ जुन्या वास्तूतून आणून येथे लावला आहे. डावीकडचा, नजरेच्या उंचीवर.