स्कॅनर्स (१९८१): फोनवरून कॉम्प्युटरच्या 'डोक्यात' शिरणारा सिनेमा

टेबलामागे बसलेला एक टकलू, चष्मेवाला माणूस. चेहरा वेडावाकडा होतो आणि पुढच्याच क्षणी डोक्याच्या चिंधड्या! हे मीम तुम्ही कुठेतरी पाहिलंच असेल. तो सीन डेव्हिड क्रोननबर्ग यांच्या 'स्कॅनर्स' या कॅनेडियन सिनेमातला आहे. पण त्या एका सीनपलीकडे तंत्रज्ञानाच्या दृष्टीने यात बरंच काही आहे. (पुढे कथेतला एक महत्त्वाचा भाग उघड होतो.)

स्कॅनर म्हणजे कोण?

दुसऱ्याचे विचार ऐकू शकणारा आणि त्याच्या शरीरावर ताबा मिळवू शकणारा माणूस. सिनेमाचं म्हणणं असं की ही जादू नाही, दोन मज्जासंस्था थेट जोडल्या जातात. रस्त्यावर राहणाऱ्या कॅमेरॉन व्हेलच्या डोक्यात सतत लोकांचे आवाज घुमत असतात. 'कॉनसेक' ही सुरक्षा कंपनी त्याला ताब्यात घेते. डॉ. रुथ त्याला 'एफेमेरॉल' नावाचं औषध देऊन शांत करतात आणि डॅरिल रेव्हॉक या खतरनाक स्कॅनरच्या मागावर पाठवतात. रेव्हॉकचं काम मायकेल आयर्नसाइडने जबरदस्त केलं आहे.

डोकं कसं फोडलं?

तेव्हा आजच्यासारखं सीजीआय नव्हतं. प्लास्टरची कवटी, त्यावर जिलेटिनची कातडी आणि आत मेण, लॅटेक्सचे तुकडे, चक्क उरलेले बर्गर! स्फोटकांनी हवा तसा परिणाम येईना, म्हणून शेवटी गॅरी झेलर यांनी मागून शॉटगन झाडली.

फोनवरून हॅकिंग: किती खरं?

कॉम्प्युटरलाही मज्जासंस्था असते, या तर्काने व्हेल एका टेलिफोन बूथमधून कॉनसेकच्या कॉम्प्युटरला 'स्कॅन' करतो आणि औषध कोणत्या डॉक्टरांकडे जातं ती यादी मिळवतो. कंपनी कॉम्प्युटरच उडवायला जाते, तर इकडे बूथ वितळतो आणि पेट्रोल पंप पेटतो.

यातला खरा भाग असा: त्या काळी कॉम्प्युटर फोन लाइनवरूनच एकमेकांशी बोलत. मोडेम बिट्सचं रूपांतर आवाजात करायचा. बेल १०३ प्रकारच्या मोडेमचा वेग होता सेकंदाला ३०० बिट्स, म्हणजे साधारण ३० अक्षरं. २,००० अक्षरांचं एक पान यायला मिनिटापेक्षा जास्त वेळ! म्हणजे बाहेरची लाइन जोडलेली असेल, तर बाहेरचा माणूस आत येऊ शकतो, हे सिनेमाने बरोबर ओळखलं.

आता चूक कुठे? मेंदूतले सिग्नल रिसीव्हरमधून लाइनवर उतरत नाहीत. आणि समोरच्या कॉम्प्युटरवर ते समजून घेणारा प्रोग्राम नसेल तर लाइनवर काहीही पाठवा, तो फक्त गोंगाट. राहिला स्फोट. फोन लाइनवर साधारण ४८ व्होल्ट आणि अगदी थोडा करंट असतो. त्यात बूथ वितळणं शक्य नाही.

खरी भीती कशाची?

एफेमेरॉल गरोदर बायकांना दिलं गेलं आणि त्यांची मुलं स्कॅनर म्हणून जन्मली. हे वाचून थॅलिडोमाइड आठवतं. मळमळीवर दिलेल्या त्या औषधामुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली. पश्चिम जर्मनीत ते १९६१ मध्ये मागे घेतलं गेलं, कॅनडात मात्र १९६२ उजाडलं. स्कॅनर होण्याआधी त्या मुलांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि मोठे झाल्यावर त्यांच्या डोक्यावर हक्क सांगायला कंपनी हजर.

आज हा प्रश्न सिनेमापुरता उरलेला नाही. न्यूरालिंकने जानेवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत चिप बसवली. तिच्यात १,०२४ इलेक्ट्रोड आहेत. अशी चिप विचार 'वाचत' नाही, हालचालीच्या इराद्याचे सिग्नल टिपते. लकवा झालेल्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण तो डेटा कुणाचा? चिलीने २०२१ मध्ये राज्यघटनेत बदल करून मेंदूतल्या माहितीला संरक्षण दिलं.

ॲपला लोकेशनची परमिशन देताना आपण डोळे झाकून 'अलाउ' दाबतो. उद्या परमिशन डोक्याची मागितली, तर निदान नीट वाचून मग बोट टेकवू या.