चौथाई ते चलन

पैसे मागणाऱ्याने देणाऱ्याच्या दारी यावे, ही जगाची जुनी रीत आहे. दूधवाला येतो, पेपरवाला येतो, गणपतीची वर्गणी मागणारी पोरं तर भरल्या ताटावरून उठवतात. पेंढारी आले तेसुद्धा आपल्या पायांनी, निदान घोड्याच्या पायांनी आले. 'तुमची लूट तुम्हीच मोजा, चार प्रतींत लिहा आणि दुपारी दोनच्या आत आमच्या छावणीत आणून भरा,' असं कुठला पेंढारी म्हणाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. ही कल्पना सुचायला विसावं शतक उजाडावं लागलं. आयकराच्या कायद्यात १९६४ साली १४०-अ नावाचं एक कलम शिरलं आणि तेव्हापासून आपला कर आपणच ठरवायचा, आपणच भरायचा आणि भरल्याचा पुरावाही आपणच सांभाळायचा, अशी सोय झाली. तिला स्वयंनिर्धारण म्हणतात. शब्द कसा भारदस्त आहे! स्वयंवर, स्वयंपाक, स्वयंसेवक यांच्या पंगतीत शोभणारा. फरक इतकाच, की स्वयंपाकाच्या शेवटी जेवायला मिळतं.

मी डहाणूचा. हयातभर शाळेत गणित शिकवलं. हौदाला दोन नळ, एक भरणारा आणि एक रिकामा करणारा, हे उदाहरण मी इतक्या पिढ्यांकडून सोडवून घेतलं, की सेवानिवृत्तीनंतर मीच तो हौद झालो. पेन्शन आणि ठेवींचं व्याज हा भरणारा नळ. बँक व्याजातून दहा टक्के कापून घेते. पण माझा दर त्याहून चढा, म्हणून वरचा फरक माझा मी भरायचा. साठी उलटलेल्या आणि धंदापाणी नसलेल्या माणसाला आगाऊ कराचे हप्ते २०१२ पासून माफ झाले. सरकारने म्हाताऱ्यांवर दया केली. म्हणजे काय, तर तीन वेळा थोडं थोडं दुखायचं ते जुलैत एकदम दुखू लागलं. आणि डहाणूचा जुलै! आभाळ फाटलेलं, शेतात लावणी चाललेली, वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही, आणि बँकेचा सहा आकडी परवलीचा क्रमांक पावसात कुठे तरी भिजत उभा. तो पोचेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. एक दिवस उशीर झाला तरी व्याज अख्ख्या महिन्याचं. माझ्या वर्गात कुणी एक दिवस म्हणजे एक महिना असं लिहिलं असतं, तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

आता जरा इतिहासात जाऊ. तिथे 'लिंक' जात नाही.

करवसुलीच्या इतिहासात आमच्या भागाला मानाचं पान आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. चौथाई म्हटलं की लोकांना मराठ्यांचे घोडे आठवतात. पण चौथाई ही मूळची इकडची चीज. दमणच्या पोर्तुगीजांच्या मुलखाला लागून रामनगरचं राज्य होतं, म्हणजे आजच्या गुजरातेतल्या धरमपूरच्या बाजूला. तिथल्या राजाला पोर्तुगीज आपल्या गावांच्या उत्पन्नातला हिस्सा देत, त्याने उपद्रव करू नये म्हणून. त्याचं नावच त्यांनी 'चौथिया राजा' पाडलं होतं. नाव चौथाई असलं तरी प्रत्येक गावाचा हिस्सा नेमका चौथाच असे असं नव्हे; दर तेव्हाही कोष्टकं पाहूनच समजायचे. १६७२ साली शिवाजी महाराजांनी जव्हार आणि रामनगर घेतलं आणि पोर्तुगीजांना कळवलं, की रामनगरला देत होता ते आता आम्हांला द्या. केवढा सुटसुटीत व्यवहार! खातं बदललं, खातेदार तोच.

पुढे १७३९ च्या मोहिमेत डहाणूसकट सगळा पट्टा मराठ्यांकडे आला. मराठी अमदानीतल्या पट्ट्यांची नावं वाचत बसलं, तर दुपार मजेत जाते. घरपट्टी, म्हैसपट्टी, लग्नटका, विधवेने पुन्हा लग्न केलं तर पाटदाम, सरकारला कर्ज झालं की कर्जपट्टी, आणि एवढ्यावर भागेना म्हणून सरळ नावच 'जास्तीपट्टी'. हे प्रामाणिकपणाचं नाव मला फार आवडतं. हल्ली त्याला अधिभार आणि उपकर म्हणतात. पण एक मानलं पाहिजे. म्हैसपट्टी द्यायला म्हैस असावी लागे, आणि ती आहे की नाही हे गोठ्यात डोकावलं की कळे. 'मागील वर्षी असलेल्या म्हशीचे चालू निर्धारण वर्षातील रूपांतर' अशी भानगड नव्हती. कमाई एका वर्षाची आणि निर्धारण वर्ष त्याच्या पुढचं, या कोड्यापायी किती भल्या माणसांचे पैसे भलत्याच सालात जाऊन बसले असतील! २०२५ साली नवा आयकर कायदा मंजूर झाला, त्यात ही दोन वर्षं जाऊन एकच 'कर वर्ष' आलं, १ एप्रिल २०२६ पासून. इतकं साधं सुचायला इतका वेळ का लागला, हे विचारू नये. नव्या कायद्याची कलमं ५३६ आहेत.

हिंदुस्थानात आयकर आणला जेम्स विल्सन या साहेबाने. १८५७ च्या बंडानंतर सरकारची तिजोरी खडखडीत झाली होती, म्हणून विलायतेहून खास अर्थमंत्री मागवला, तो हा. 'इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक यानेच काढलं. आणि त्याआधीचा याचा धंदा कोणता? टोप्या बनवण्याचा! वाचकहो, मी काही पदरचं घालत नाही. हा इतिहास आहे. १८६० च्या फेब्रुवारीत त्याने अंदाजपत्रक मांडलं, प्रजेला बरं वाटावं म्हणून मनूचा दाखला दिला, आणि जुलैत कायदा झाला: दोनशे ते पाचशे रुपयांच्या उत्पन्नाला शेकडा दोन, त्यावर शेकडा चार, कलमं २५९. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन याने उघड विरोध केला, तर त्याला परत बोलावलं. विल्सन स्वतः ऑगस्टमध्ये कलकत्त्यात आमांशाने वारला. पुढे त्याची कबरही विस्मृतीत गेली होती; २००७ साली ती शोधून काढली कुणी, तर आयकर खात्यातल्याच एका अधिकाऱ्याने. खातं कुणालाच विसरत नाही.

आमच्या जिल्ह्याने या कराचं स्वागत आपल्या पद्धतीने केलं. तेव्हा सगळा ठाणे जिल्हाच. पालघर वेगळा झाला तो २०१४ साली. तर १८६० च्या डिसेंबरात आयकराच्या कामासाठी हंटर नावाचा अधिकारी वसईला आला, तेव्हा त्याच्यासमोर मोठा जमाव जमला आणि चांगलीच गडबड उडाली. दंगा वाईटच. पण हेही लक्षात घ्या, की त्या काळी राग काढायला समोर एक जिवंत हंटर तरी होता. आज रागावायचं कुणावर? पडद्यावर गोल गोल फिरणाऱ्या त्या चक्रावर?

हा कर १८६५ साली गेला, मग नावं बदलून येत-जात राहिला आणि १८८६ साली कायमचा मुक्कामाला आला. येताना त्याने एक गोष्ट दाराबाहेर ठेवली, ती म्हणजे शेतीचं उत्पन्न. ते आजतागायत बाहेरच आहे. याचा अर्थ डहाणूत राहिल्याशिवाय कळायचा नाही. इथे घोलवडपर्यंत चिकूच्या वाड्या. गेल्या शतकात इराणी मंडळींनी आणि इतरांनी जिवापाड जोपासलेल्या. २०१६ साली घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालं. माझ्या घराच्या एका अंगाला अशीच वाडी आहे. झाडांवर लागलेला चिकू करमुक्त. आणि तो विकत घेऊन खाणाऱ्या माझ्या पेन्शनीवर कर. मला वाडीवाल्याचा हेवा वाटत नाही. वादळाने झाडं आडवी होतात तेव्हा मी त्याचं तोंड पाहिलं आहे. फक्त जुलै महिन्यात मी त्याच्याकडे चहाला जात नाही.

तलासरीचे गुरुजी मला बँकेच्या रांगेत भेटले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, जातीने वारली. कागदी चलनाच्या काळात ज्या त्या शाखेत आयकर भरून घेत नसत, म्हणून ते एसटीने डहाणूला येत. एका बँकेत (नाव सांगत नाही, वासे मोजायचे नाहीत) आम्ही दोघांनी मिळून जो वेळ काढला, तेवढ्यात दोन पोरांना पाढे पाठ झाले असते. ००२० की ००२१? कंपनी असाल तर पहिला आकडा. गुरुजींनी आपल्या झिजलेल्या चपलांकडे बघून म्हटलं, "आपण एकवीस." मग १००, ३०० की ४००? आगाऊ भरणाऱ्याचे शंभर, स्वतः ठरवून भरणाऱ्याचे तीनशे, साहेबाने ठरवून दिलं तर चारशे. एवढं सगळं बरोबर लिहून खिडकीशी गेलं, की आतून आवाज यायचा, "जेवणानंतर."

एकदा मी त्यांना चिडवलं, "गुरुजी, तुम्ही नागालँडात जन्मायला हवं होतं." ईशान्येकडच्या नेमून दिलेल्या भागांत आणि लडाखात अनुसूचित जमातीच्या माणसाला तिथल्या कमाईवर आयकर नाही. तलासरीसुद्धा अनुसूचित क्षेत्रच. पण ते पाचव्या अनुसूचीतलं, आणि सूट तिथवर पोचलेली नाही. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "सर, आमच्याकडे लय आधीपासून भरतात. पावती तेवढी मिळत नव्हती."

त्यांचा आजा लग्नगडी होता. लग्नाला सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि त्या कर्जापायी नवराबायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं. फेडलं किती, उरलं किती, हे सावकार सांगेल ते. हेही निर्धारणच, फक्त त्यात 'स्वयं' नव्हतं. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावी वारल्यांची परिषद भरली. गोदावरी परुळेकर तिथे होत्या. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असं तिथे ठरलं. आणि त्याच वर्षी त्यांनी आपल्या घामाचा भाव आपणच लावला: पाचशे रत्तल गवत कापायचे अडीच रुपये, बाकी कामाची रोजी बारा आणे. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. १९६४ च्या आधी एकोणीस वर्षं या भागात स्वयंनिर्धारण झालं होतं, आणि त्याचं चलन या हिशेबात भरलं गेलं होतं. गुरुजींचा आजा त्या परिषदेला चालत गेला होता.

म्हणून गुरुजी दर साली शिक्का मारलेलं चलन घरी नेऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात. नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची सगळी आहेत. पॅनला आधार जोडायच्या दंडाचं हजार रुपयांचं चलनसुद्धा आहे, तेही नीट घडी घालून.

२०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ केला. आमच्यासारखे दोघे त्यात अलगद बसतात. विवरणपत्र भरायचं, पण वर पैसे काही नाहीत. मी ही बातमी गुरुजींना फोनवर सांगितली, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं, रेंज गेली.

"म्हणजे पावती नाही?" त्यांनी विचारलं.

"पैसेच नाहीत तर पावती कसली?"

"शून्य रुपयांचं चलन निघत असंल का हो?"

मी म्हटलं, उद्या डहाणूला या, विचारून बघू. जेवणाच्या आधी या मात्र.