एक कप म्हणजे किती?



गेल्या महिन्यात आहारतज्ज्ञ बाईंनी माझी वही तपासली. (जन्मभर मी मुलांच्या वह्या तपासल्या, आता माझी तपासली जातेय!) मधुमेह जडल्यापासून खाल्लं-प्यायलेलं सगळं लिहून ठेवायचं, असा दंडक आहे. दर शनिवारी त्यात एक नोंद असते, "कॉफी, १ कप". बाईंनी तिथे लाल खूण केली. "केवढा कप? दूध किती? कुठलं?" मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. "सांगता येत नसेल तर बंद करा," बाई म्हणाल्या.

शनिवारी नात मला कोपऱ्यावरच्या कॅफेत नेते. कॉफी सुटली तर सुटू दे, पण त्या निमित्ताने ती तासभर माझ्यासमोर बसून बोलते, ते कसं सोडायचं? शेवटी मी इतिहासाची बाई. म्हटलं, हा कप बेहिशेबी कधी झाला ते तरी शोधू या.

गंमत म्हणजे कॅलरीचा तक्ता आणि एस्प्रेसोचं यंत्र जवळजवळ एकाच वयाचे. अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी १८९६ मध्ये खाद्यपदार्थांच्या घटकांचे मोठे तक्ते छापले. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थ ९, हा हिशेब त्यांच्याच कामातून आला. इकडे मिलानमध्ये लुइजी बेझ्झेरा यांनी १९०१ मध्ये वाफेच्या दाबावर एकेक कप कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. नुसत्या एस्प्रेसोची कटकट नाहीच. एका छोट्या कपात जेमतेम दोन-तीन कॅलरी. हिशेब सुरू होतो तो दुधापासून.

आपल्याकडचा तक्ता आला १९३७ मध्ये. निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेतून डॉ. आयक्रॉईड यांनी भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली. तिथे डॉ. गोपालन आणि सहकाऱ्यांनी वाढवलेल्या तक्त्यांत १०० ग्रॅम गाईच्या दुधाला ६७ कॅलरी आहेत आणि म्हशीच्या दुधाला ११७! म्हणजे नुसतं "दूध" लिहून भागत नाही.

तरी इटलीत फारसं बिघडलं नव्हतं. तिथला कापुचिनो म्हणजे सुमारे २५ मिली एस्प्रेसो आणि १०० मिली दूध, वाफेने फेसाळून साधारण दीडशे मिलीचा कप. आपल्या आजीच्या जायफळ घातलेल्या कॉफीसारखंच. घरातली कपबशी वर्षानुवर्षं तीच, त्यामुळे "एक कप" म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

कप फुगला तो अमेरिकेत. सिएटलचे हॉवर्ड शुल्ट्झ १९८३ मध्ये मिलानला गेले, तिथल्या कॉफीबारवर भाळले आणि ती कल्पना घरी घेऊन आले. पण वाटेत माप बदललं. आज तिथे १६ औंसाचा, म्हणजे जवळजवळ पावणेपाचशे मिलीचा ग्लास सर्रास मिळतो. अशा लाटेत साडेतीनशे मिली दूध धरा. गाईचं असेल तर सुमारे २३५ कॅलरी, म्हशीचं असेल तर ४१०. शिवाय १०० मिली दुधात स्वतःचीच पाचएक ग्रॅम साखर असते, म्हणजे चमचाभरही साखर न घालता १७ ग्रॅम झाली. त्यावर सिरप, मलई... आणि फेसात तर हवाच असते. त्यामुळे एकाच मापाच्या दोन कपांत दूध कमी-जास्त!

कायदाही मागून धावला. न्यूयॉर्क शहराने २००८ मध्ये साखळी उपाहारगृहांना मेनूवर कॅलरी लिहायला लावल्या, २०१८ पासून तो नियम अमेरिकाभर लागू झाला. पण जिथे गिऱ्हाइकाला बरेच पर्याय असतात, तिथे "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असा पल्लाच लिहितात. आपल्याकडे २०२० च्या नियमांत दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांना हे बंधन आलं. आमचं कोपऱ्यावरचं कॅफे एकुलतं एक, तिथे कसला तक्ता?

मग मागच्या शनिवारी मी घरचं मापाचं भांडं पिशवीत टाकलं. नात म्हणाली, "आजी, प्लीज, नको ना!" पण काउंटरवरचा मुलगा गुणी निघाला. फेस काढण्याआधीच त्याने दूध मोजून दाखवलं. नेहमीच्या कपात १८० मिली, सगळ्यात लहान कपात १२०. पिशवीतलं टोन्ड. मी लहान कप घेतला आणि वहीत लिहिलं, "कॉफी, लहान कप. दूध १२० मिली, टोन्ड. साखर नाही." बाईंनी या वेळी बरोबरची खूण केली. शनिवार शाबूत राहिला!

असो. तुम्हीही आपापल्या घरातला कप एकदा मोजून बघा. आमचा निघाला १४० मिलीचा, आणि मी इतकी वर्षं १०० धरत होते. तुमचा किती भरला, जरूर कळवा.