आधणावाचून चहा

अमेरिकेच्या दक्षिणेकडील एखाद्या राज्यात भर उन्हाळ्यात जेवायला बसून चहा मागितला, तर वाफाळलेला पेला समोर येईल अशी आशा धरू नये. समोर येतो तो उंच काचेचा पेला. त्यात निम्मा बर्फ, वर तांबूस पाणी आणि काठाला लिंबाची चकती. गरम चहा हवा असेल तर तसे मुद्दाम बजावून सांगावे लागते. त्या देशात आज जेवढा चहा खपतो, त्यातला सुमारे तीनचतुर्थांश असा थंडच पितात. आपल्याकडे पाहुणा "चहा निवला हो" म्हणाला की घरची बाई ओशाळते. तिकडे चहा निवल्याखेरीज त्याला चहा म्हणायचीच पंचाईत!

या थंड चहाचा एक घरगुती प्रकार गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडे फार बोकाळला. त्याला चूल लागत नाही आणि किटलीही लागत नाही. काचेची मोठी बरणी घ्यायची, तीत नळाचे गार पाणी भरायचे, चहाच्या चार-सहा पुरचुंड्या सोडायच्या, झाकण लावायचे आणि बरणी परसदारी उन्हात ठेवून आपल्या कामाला लागायचे. तीन-चार तासांनी पाण्याला मधासारखा रंग चढतो. मग ते बर्फावर ओतायचे. याचे नाव 'सन टी', म्हणजे उन्हातला चहा.

ऐकायला हे मोठे गोड वाटते. सूर्यनारायण स्वयंपाकी झाला आणि त्याने सरपणाचा पैसा मागितला नाही, यापरते भाग्य कोणते? परंतु या बरणीची कुळकथा पाहू लागले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. चहा आणि विस्तव यांची सोबत फार जुनी होती, ती या बरणीने सोडली. ती सोडणे शक्य कसे झाले आणि तिच्याबरोबर आणखी काय निघून गेले, हे पाहण्याजोगे आहे.

चीनमध्ये आठव्या शतकात लू यू नावाच्या पंडिताने चहावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात पानाइतकाच पाण्याचा विचार केलेला आहे. माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे उठले की पाण्याची पहिली उकळी, भांड्याच्या कडेने बुडबुड्यांची माळ लागली की दुसरी, आणि लाटा उसळू लागल्या की तिसरी. त्यापुढे पाणी म्हातारे होते, असे तो सांगतो. जंतू ही चीज जगात आहे हे लू यूला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. त्याला चवीची चिंता होती. पण चवीसाठी का होईना, चहा पिणारा प्रत्येक माणूस उकळलेले पाणी पिऊ लागला.

याचा परिणाम किती मोठा असू शकतो, हे इंग्लंडात दिसून आले. तेथे चहावरचा कर ११९ टक्क्यांपर्यंत चढला होता. १७८४ साली पार्लमेंटाने तो एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला. चहा स्वस्त झाला आणि मजुराच्या खोलीतही किटली चढली. फ्रान्सिस्का अँटमन या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने अलीकडे त्या काळच्या शेकडो गावांतील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. तिला असे आढळले की, ज्या गावांचे पाणी मुळात वाईट होते, तेथे चहा आल्यानंतर मृत्यूंचे प्रमाण अधिक घटले. त्या माणसांनी औषध म्हणून काही केले नव्हते. त्यांना एक पेला चहा हवा होता आणि त्यासाठी पाणी उकळावे लागत होते, इतकेच. उकळण्याने नेमके काय मरते हे कळायला मध्ये आणखी शंभर वर्षे जावी लागली. १८८४ साली कलकत्त्याला येऊन रॉबर्ट कॉखने पटकीचा जंतू वेगळा काढून दाखवला, तेव्हा जगाला त्याचा उलगडा होऊ लागला.

आता हा उकळता चहा थंड कसा झाला ते पाहू. त्याला कारण बर्फाचा व्यापार. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर याने हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून उष्ण देशांत विकण्याचा ध्यास घेतला. १८०६ साली त्याने पहिले जहाज वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटाकडे पाठवले. लोक हसले. पुढे तो कर्जापायी तुरुंगातही जाऊन आला, पण त्याने हट्ट सोडला नाही. लाकडाच्या भुशात बर्फ दडपून भरला तर तो महिनोन् महिने टिकतो हे त्याने हेरले होते. १८३३ च्या मे महिन्यात त्याचे 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले, दोनदा विषुववृत्त ओलांडून सप्टेंबरात कलकत्त्याला लागले, आणि सुमारे १०० टन बर्फ त्यातून शाबूत उतरला!

पुढल्याच वर्षी, म्हणजे १८३४ साली, हा बर्फ आमच्या मुंबईतही आला. जमशेटजी जिजीभाईंनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले. त्यावर एका गुजराती वर्तमानपत्राने यजमान आणि पाहुणे सगळ्यांनाच सर्दी झाल्याचे छापले आणि परदेशी खुळापायी ती झाली ते योग्यच झाले, असा शेराही मारला. मद्रासच्या समुद्रकाठी या बर्फासाठी बांधलेली वखार अद्याप उभी आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद परदेशाहून परतल्यावर तेथे उतरले होते, म्हणून ती आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा समुद्रापारचा व्यापार विरघळून गेला.

खुद्द अमेरिकेत मात्र बर्फ घरोघर पोचला होता आणि चहा त्याच्याशी जुळला. १८७९ साली व्हर्जिनियातील मॅरियन कॅबेल टायरी या बाईने पाककृतींचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात बर्फाच्या चहाची कृती आहे. हिरवा चहा घ्यावा, त्यावर उकळते पाणी ओतावे, रात्रीच्या जेवणासाठी हवा असेल तर सकाळी न्याहारीच्या वेळीच करून ठेवावा, आणि मग बर्फ, साखर व लिंबू घालून द्यावा, असा तिचा आशय आहे. १८९० साली मिसुरी राज्यात जुन्या सैनिकांचा एक मेळावा भरला होता, त्यात ८८० गॅलन बर्फाचा चहा संपल्याचे तेव्हाच्या वर्तमानपत्राने नोंदवले आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, बर्फाच्या चहाचा जनक म्हणून भलत्याच गृहस्थाचे नाव घेतले जाते, आणि त्या कथेचा धागा हिंदुस्थानाशी जुळलेला आहे. १९०४ साली सेंट लुईस येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथे हिंदी चहाचा प्रचार करण्यासाठी रिचर्ड ब्लेकिंडन नावाचे अधिकारी आले होते. उकाडा असा की गरम चहाकडे कोणी फिरकेना. तेव्हा त्यांनी तो बर्फावरून गार करून वाटला आणि दुकानापुढे झुंबड उडाली, अशी ती कथा. गार चहा त्याआधी निदान पंचवीस वर्षे लोकांच्या ओठी होता, हे वर आलेच आहे. प्रसाराचे श्रेय ब्लेकिंडनसाहेबांना द्यावे, शोधाचे देऊ नये.

या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे. टायरीबाई घ्या नाहीतर ब्लेकिंडन घ्या, चहा पुढे कितीही गार झाला तरी आधी त्यावर आधण पडले होते. थंडपणा नंतरचा.

आधण गेले ते १९७० नंतरच्या दशकात. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखले आणि अमेरिकेत इंधनाची टंचाई झाली. सूर्यशक्तीचा बोलबाला सुरू झाला, इतका की १९७९ साली अध्यक्ष कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारी सौर तावदाने बसवली. त्याच हवेत उन्हातल्या चहाची बरणी घरोघर उन्हात मांडली गेली. खाली तोटी बसवलेल्या खास बरण्याही बाजारात मिळू लागल्या.

या बरणीत काय घडते? ऊन पाण्याला उकळत नाही, कोमट करते. तिचा पारा सुमारे ५४ अंश सेल्सिअसपर्यंत जातो. अशा पाण्यात चहाचा रंग आणि सुवास उतरतो, पण तुरटपणा कमी उतरतो. म्हणून हा चहा जिभेला मऊ लागतो आणि गार झाल्यावर फारसा गढूळही होत नाही. कडक चहा निवला की त्यावर जी साय धरल्यासारखी दिसते, ती त्यातली तुरट द्रव्ये आणि कॅफीन एकमेकांना धरून बसल्यामुळे. उन्हातल्या चहाचे कौतुक करणाऱ्यांची जीभ खोटे बोलत नाही.

तथापि जे पाणी चहाला मानवते तेच जंतूंनाही मानवते. पानावर आणि पाण्यात जे सूक्ष्म जीव असतात, ते या ऊबेत मरत नाहीत; कित्येक तर वाढीस लागतात. चहातले कॅफीन त्यांना थोडा वेळ आवरते, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. १९९६ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने बर्फाच्या चहाविषयी एक सूचनापत्र काढले. चहा सुमारे ९० अंश सेल्सिअसला तीन ते पाच मिनिटे मुरवावा, आठ तासांहून अधिक ठेवू नये, आणि भांडे व तोटी रोज धुवावी, असा त्यातला मथितार्थ. चहा दाट होऊन तार धरू लागला तर तो ओतून द्यावा, असे जाणते सांगतात, कारण ती जंतूंचीच करणी असते. प्रत्येक बरणी विषारी असते असे नव्हे. पण ती निर्धोक आहे की नाही हे डोळ्यांना समजत नाही.

मग अमेरिकेतल्या गृहिणीने एवढे धाडस केले कसे? तिने ते नकळत केले. १९०८ साली न्यू जर्सीतील जर्सी सिटी शहराच्या पाण्यात क्लोरीन कायम मिसळण्यास प्रारंभ झाला आणि हळूहळू तो परिपाठ देशभर पसरला. किटलीखालचा विस्तव जे काम करीत होता, ते गावाबाहेरच्या जलशुद्धीकरण केंद्राने उचलले. तिच्या बरणीत सूर्याने काम केले असे आपण म्हणतो. पण त्याआधी नगरपालिकेचे नोकर रात्रंदिवस खपलेले असतात, त्यांचे नाव त्या चहाला कोणी देत नाही.

आपल्याकडेही पाण्यात वनस्पती भिजत घालण्याची विद्या जुनी आहे. आयुर्वेदाच्या पाच कषायकल्पनांत गार पाण्यात रात्रभर भिजवलेला तो हिम, गरम पाण्यात चुरून गाळलेला तो फांट, आणि आटवलेला तो काढा. उन्हातला चहा हिम आणि फांट यांच्या मध्ये कुठेतरी बसतो. उन्हाचा उपयोगही आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलो. गुलकंदाची बरणी उन्हात मुरते, लोणच्याच्या फोडी उन्हात ठेवतात, पापड-कुरडया गच्चीवर वाळतात. पण गुलकंदाला साखर राखते, लोणच्याला मीठ राखते, आणि पापडात ओल उरतच नाही. चहाच्या बरणीत यांपैकी कोणताच राखणदार नाही. आजीच्या गुलकंदाचा दाखला देऊन उन्हातल्या चहाची हमी देणे म्हणूनच चूक.

सूर्याला कमी लेखण्याचाही येथे हेतू नाही. तो विखुरलेला असतो तेव्हा पाणी कोमट करतो. त्याला आरशांनी एका जागी आणले तर तो वाफ काढतो. शिर्डीच्या साईसंस्थानात २००९ साली ७३ मोठ्या तबकड्या बसवून उन्हाच्या वाफेवर प्रसादाचा स्वयंपाक सुरू केला, हे आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण आहे.

आता आपल्याकडेही बर्फाचा चहा बाटल्यांतून, हॉटेलांतून आणि कौतुकाच्या पाककृतींतून आला आहे, आणि त्याच्या मागोमाग ही बरणीही येईल. तिला नावे ठेवायचे कारण नाही. फक्त आपले पाणी विचारात घ्यावे. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथल्या हंड्यातले पाणी आणि क्लोरीन घातलेले नळाचे पाणी एक नव्हे. बाजारचा बर्फही सगळाच खाण्याचा नसतो. महाराष्ट्रात २०१८ साली खाण्यास अयोग्य बर्फात निळा रंग घालण्याची सक्ती करावी लागली, ती उगाच नव्हे. ज्याला गार चहा हवा त्याने टायरीबाईचा मार्ग धरावा. आधण आणावे, पाच मिनिटे चहा मुरू द्यावा, गाळून निववावा, आणि उकळलेल्याच पाण्याचा घरचा बर्फ घालावा. त्यातून मऊ चवीचाच आग्रह असेल, तर उकळून गार केलेल्या पाण्यात पाने टाकून भांडे रात्रभर शीतकपाटात ठेवावे. चव तीच येते आणि जिवाला घोर राहत नाही.

शाळेत मुलांना 'पाणी उकळून प्या' असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो, आणि मुले ते ऐकून सोडून देतात. चहाने तेच काम उपदेशाचा एक शब्द न बोलता करून दाखवले होते.